निरंक

पहाटे ५:३०
बीड बसस्थानकाजवळची भाड्याची खोली. ताई दोन भाकरी थापते, शेंगदाण्याची चटणी घेते, डबा बंद करते. मग पिशवी भरते. जाड रजिस्टर, दोन पेनं, मार्गदर्शकांचं पत्र, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं. प्रश्नावलीच्या चाळीस पाठपोट प्रती, ऐंशी रुपये. ताई पीएच.डी. करते. लैंगिक छळ रोखण्याचे नियम महाविद्यालयांत प्रत्यक्षात कसे चालतात, हा तिचा विषय. पोट मात्र दुसऱ्या एका कॉलेजातल्या तासिकांवर चालतं. तासाला नऊशे रुपये. घेतला नाही त्या तासाचं काही नाही. आज दोन बुडणार.

सकाळी ६:२०
अंबाजोगाईकडे जाणारी एसटी. अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं झालं, म्हणून तिची ही फिरती जमते. नोव्हेंबर लागला आहे. रस्त्याकडेला ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक भरताहेत. भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं. एक आजी नातीचा हात धरून उभी आहे. नात मागे राहणार. कॉलेजला आहे ती. मांजरसुंब्याचा घाट, मग नेकनूर. पुढे ताई कुठे उतरली ते लिहायचं नाही. ताईच्या रजिस्टरात कॉलेजांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. आजचं अकरा.

सकाळी ९:१०
फाटक. ताई पावलं मोजू लागते. तक्रार समितीची पाटी कुठे आहे, हा तिचा पहिला प्रश्न. फाटकाजवळ नाही. मुलींच्या कक्षात नाही. वाचनालयात नाही. प्राचार्यांच्या दाराला लागून आहे. एकशे बेचाळीस पावलं.
‘इथं उभं राहून पाटी वाचणारी मुलगी सगळ्यांना दिसते,’ ती म्हणते आणि तेवढंच लिहून घेते.
पाटीवर सहा नावं. त्यांत एक विभागप्रमुख. नियमाने असे अधिकारपदावरचे लोक समितीत चालत नाहीत. खाली एक मोबाइल नंबर. ताई तो लावते. दोनदा लावते. वाजतो, कुणी उचलत नाही.

सकाळी १०:१५
कार्यालय. ‘बसा मॅडम,’ लिपिक म्हणतात. शिपाई मामा चहा आणतात. फाइल दहा मिनिटांत निघते. नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी तयार केलेली, म्हणून नीट लावलेली. वर्षाला एक कागद. मिळालेल्या तक्रारी: निरंक. निकाली काढलेल्या: निरंक. प्रलंबित: निरंक. ताई पानं उलटते, तारखा उतरवून घेते. एका इतिवृत्तावर सगळ्या सह्या एकाच पेनाच्या आहेत. ती तेही लिहिते.
नावं ती मागत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ ने तक्रारदाराची ओळख झाकलेली आहे. आकडा मागता येतो, आणि जिथे तोंडी मागून मिळत नाही तिथे माहिती अधिकारात. अर्जाला दहा रुपये, पानाला दोन. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपिलाचे वीस.
‘आमच्याकडं तसलं काही नाही मॅडम,’ लिपिक मनापासून सांगतात. ‘सगळं निरंक.’

सकाळी ११:४०
समितीच्या अध्यक्ष मॅडम. टेबलावर राष्ट्रीय सेवा योजनेचं रजिस्टर, परीक्षेचे गठ्ठे, हजेरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार कॉलेजात अध्यक्ष किमान सहयोगी प्राध्यापक असलेली स्त्री हवी. दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी, तेही निवडून आलेले. इथे जागा रिकाम्या आहेत. ज्येष्ठ बाई निवृत्त झाल्या, म्हणून हे काम यांच्याकडे आलं. प्रशिक्षण एकदाही झालेलं नाही.
ताई विचारते, ‘मुलगी आली तर काय करता?’
‘जवळ बसवते. ऐकून घेते. पोराला बोलावून दम देते. बहुतेक वेळा तेवढ्यात मिटतं.’
‘लिहून घेता?’
‘त्याच म्हणतात, लिहू नका मॅडम. मायबाप कारखान्यावर असतात. घरी कळलं तर कॉलेज बंद, आणि उन्हाळ्यात लग्न.’
ताईचं पेन थांबतं, मग पुन्हा चालू लागतं. बाई वाईट नाहीत, उलट मुली त्यांच्याकडे येतात. पण कागदावर काहीच उरत नाही. तोच पोरगा पुढच्या वर्षी पुन्हा तसं वागला तर पहिली खूण कुठेही नाही.
ताई झेरॉक्सची चार पानं पुढे ठेवते. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्रत समोरच्याला. त्याचं उत्तर दहा दिवसांत. चौकशी नव्वद दिवसांत. समेट फक्त मुलीने मागितला तर, आणि त्यात पैसा नाही. सोबत गोवा विद्यापीठाचं प्रकरण. एका विभागप्रमुखाला बडतर्फ केलं होतं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण चौकशीची रीत चुकली होती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. त्याच निकालात देशभरातल्या समित्या तपासायला सांगितलं.
मॅडम पानं दोनदा वाचतात. ‘म्हणजे आम्ही चुकलो तर शिक्षा मुलीलाच.’

दुपारी १:१५
लिंबाखाली डबा. चार मुली येऊन बसतात. कुणी ठेचा देते, कुणी लोणचं.
‘ताई, विशाखा समिती म्हणतात ना? विशाखा मॅडम कोणत्या?’
ताई सांगते. विशाखा ही जयपूरची संस्था. राजस्थानात भंवरीदेवी नावाची साथिन होती, सरकारी कामातली. तिने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला. १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यावरून विशाखा आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल लागला. २०१३ चा कायदा त्यातूनच आला.
‘बालविवाह अडवला म्हणून?’ एक जण विचारते.
‘हो.’
मुली गप्प होतात. या जिल्ह्यात त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुपारी २:३०
मुलींचा कक्ष. पंखा बंद. प्रश्नावलीवर नाव लिहायचं नाही, फक्त खुणा करायच्या. घडी घालून पिशवीत टाकायची. पिशवी कापडी आणि जाड, बाहेरून काही दिसत नाही. ताई पाठ फिरवून उभी राहते.
सगळ्या गेल्यावर एक जण रेंगाळते. ‘किती दिवसांत तक्रार करावी लागते?’
ताई पेन खाली ठेवते. ‘तीन महिन्यांत. कारण सांगितलं तर आणखी तीन मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असते.’
मुलगी मान हलवते. ताई नाव विचारत नाही. संशोधनात हे बसत नाही, आणि न विचारणंच बरोबर आहे. ती अध्यक्ष मॅडमचा आताचा नंबर चिठ्ठीवर लिहून देते. मुलगी चिठ्ठी कंपासपेटीत ठेवते.

दुपारी ४:४०
परतीची एसटी. केजपर्यंत उभं. मग जागा मिळते. ताई मांडीवर हिशेब मांडते. तिकीट जाऊन-येऊन एकशे चाळीस. झेरॉक्स ऐंशी. चहा वीस. बुडालेले तास अठराशे. एका क्रमांकाची किंमत दोन हजार चाळीस.

रात्री ८:५०
खोली. प्रश्नावल्या रजिस्टरात चढवायच्या. तक्रारींच्या रकान्यापाशी ती थांबते. मूळ तक्त्यात एकच रकाना होता. आज ती पट्टीने मधोमध रेघ ओढते. डावीकडे ‘लेखी’, उजवीकडे ‘तोंडी मिटवलेल्या’. डावीकडे निरंक लिहिते.
फोन वाजतो. सकाळचा पाटीवरचा नंबर.
‘कोण बोलतंय? मी शेतात होते.’ वयस्कर आवाज. ‘मी तर निवृत्त झाले बाळा, दोन वर्षं झाली.’
ताई ओळख सांगते, माफी मागते. मग विचारते, ‘अजून फोन येतात का बाई?’
‘येतात की. दिवाळीच्या आधी एकीचा आला होता. नाव नाही सांगितलं. मी म्हटलं, आता मी कॉलेजात नाही. तिनं ठेवून दिला.’
ताई उजव्या रकान्याकडे बघते. हा फोन तिथेही बसत नाही. ती पट्टी उचलते आणि दुसरी रेघ ओढते.
मग उद्याच्या कामांत पहिलं लिहिते: क्रमांक अकरा, पाटीवरचा नंबर बदलायला सांगणे.