फुकटचा सिनेमा आणि तीन वर्षांची कैद

‘पायरेटेड सिनेमा नुसता पाहिला तरी तीन वर्षे आत!’ ब्लॉक केलेली साइट उघडली की पूर्वी अशा अर्थाची तंबी थेट पडद्यावर झळकायची. 2016 मध्ये ‘ढिशूम’च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी तिच्यातली हवा काढली. गुन्हा पाहण्यात नाही; परवानगीशिवाय वाटणे, जाहीर दाखवणे, विकणे, भाड्याने देणे यांत आहे, असे त्यांनी स्पष्ट केले.

म्हणून ‘आपण कुठे विकतोय?’ असे म्हणत निर्धास्त राहणेही बरोबर नाही. टॉरेंटवरून सिनेमा उतरत असतो, तेव्हाच त्याचे आलेले तुकडे आपल्या संगणकावरून दुसऱ्यांकडे जात असतात. घेणारा नकळत वाटपालाही बसलेला असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. मात्र त्यात कमाईचा हेतू नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा फरक ठसठशीत दिसतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका करून देणारा डीटीपीवाला दोषी ठरला, तर किमान सात दिवस कैद आणि 50 हजार दंड. घरी हौसेने तेच वापरणाऱ्याची कैद न्यायालय टाळू शकते, आणि दंडही 50 हजारांच्या वर जात नाही. मला ही वर्गवारी योग्य वाटते.

अमेरिकेतल्या आकड्यांचे दाखले इथे कामाचे नाहीत. मिनेसोटातील एका महिलेने 24 गाणी नेटवर वाटली, म्हणून 2009 मध्ये ज्युरीने 19 लाख 20 हजार डॉलर ठोठावले. 2012 मध्ये अपिलात 2 लाख 22 हजार ठरले. म्हणजे गाण्यामागे 9,250 डॉलर, आणि आयट्यून्सवर गाणे साधारण डॉलरभराला! शिवाय ही रक्कम संगीत कंपन्यांना द्यायची भरपाई होती, फौजदारी दंड नव्हे. आपल्याकडे गाण्यागणिक असा ठरावीक दर कायद्यात नाही.

आपल्या कायद्यातली खरी खोच वेगळीच आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 63 चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. त्यामुळे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि जामीन हक्काने मिळत नाही. हौशी माणसाला सवलत मिळालीच, तर ती निकालाच्या दिवशी.