गावी घर बांधताय? आधी कागद पाहा!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. खेडे म्हणजे काय, हे त्यांनी भोगले होते. आपले वाडवडीलही खेडे सोडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत राबले. आज निवृत्तीनंतर फंडाचे पैसे घेऊन अनेक कुटुंबे गावी घर बांधू पाहतात. आम्ही म्हणतो, जरूर बांधा. पण पाया खोदण्याआधी कागद पाहा.

आपल्या पुष्कळ जमिनी महार वतनाच्या. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली. मूळ वतनदारांना जमिनी परत मिळाल्या, पण शर्तीवर. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून सातबारा काढा. त्यावर आजोबांचेच नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. बहिणींना वगळू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. शेतात बांधायचे असेल तर तहसील कचेरीत आधी विचारा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावा.

भावकीच्या तोंडी शब्दावर बांधलेले घर मुलांना कोर्टाची पायरी चढायला लावते. वाडवडील रिकाम्या हाताने गाव सोडून गेले. आपण हक्काचा कागद घेऊन परतू या.