सॉफ्टवेअर-पुस्तिकांचे संगणकीय वाक्यपृथक्करण

सॉफ्टवेअरच्या सूचनापुस्तिकेतील प्रत्येक वाक्यातून एकच अर्थ निघणे आवश्यक असते. वाक्यातील कर्ता, कर्म, क्रियापद व त्यांचे परस्परसंबंध संगणकाद्वारे निश्चित करण्याच्या प्रक्रियेस पार्सिंग म्हणतात. शालेय व्याकरणातील वाक्यपृथक्करणाचेच हे यांत्रिक रूप होय.

'फाइल संगणकावर उघडल्यावर ती बंद करावी' या वाक्यात 'ती' हे स्त्रीलिंगी सर्वनाम फाइलकडेच निर्देश करते. इंग्रजीतील निर्जीव वस्तूंच्या सर्वनामात लिंगभेद नसल्याने तेथे असा आधार मिळत नाही. परंतु 'फाइल खिडकीत उघडल्यावर ती बंद करावी' असे लिहिल्यास दोन्ही नामे स्त्रीलिंगी असल्याने संदिग्धता निर्माण होते. पार्सरने नोंदविलेल्या लिंगवचनावरून अशी वाक्ये वेगळी काढता येतात. अर्थाचा निर्णय मात्र लेखकानेच करावयाचा असतो.

मराठीसाठी साधनसामग्री मर्यादित आहे. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज प्रकल्पातील विश्लेषित मराठी वाक्यांचा संग्रह लहान असून तो प्रामुख्याने विकिस्रोतावरील कथांवर आधारलेला आहे. कथेत 'उघडली' येते, तर सूचनेत 'उघडावी' किंवा 'उघडा'. यास्तव सूचनापर वाक्यांचा स्वतंत्र संग्रह आवश्यक ठरतो. चिपळूणसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही मराठी व संगणकशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना हे कार्य संयुक्तपणे हाती घेता येईल.