कुडाची भिंत आणि नदीचा गाळ

डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक पाहतात ती तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. मला आधी दिसते ती रेघेखालची भिंत. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वरून गेरू. मातीतले चिकणकण सगळं धरून ठेवतात, वाळूमुळे लेप फार आकसत नाही आणि शेणातले गवताचे तंतू तडे रोखतात. कुठल्या कणाचं काम काय, हे त्या लिंपणाऱ्या हातांना नेमकं ठाऊक असतं.

नदीच्या गाळाकडेही याच नजरेनं पाहायला हवं. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. गाळ काढा म्हणून त्या डिसेंबरात लोक साखळी उपोषणाला बसले आणि मग उपसा सुरू झाला. पण उपसलेला गाळ न्यायचा कुठे? काठावर ढीग घातले तर पुढच्या पावसात तो पुन्हा पात्रात.

गाळ हा एकच पदार्थ नव्हे. 0.075 मिलिमीटरहून मोठे कण म्हणजे वाळू; ती धुऊन बांधकामाला चालते. 0.002 मिलिमीटरहून बारीक ती चिकणमाती. 900 ते 1000 अंशांवर भाजली की तिचे कण अंशतः वितळून एकमेकांना चिकटतात आणि वीट घडते. अडचण आहे ती मधल्या पोयट्याची. तो पाणी धरून बसतो, स्वतः काही सांधत नाही. तो निथळवून, थोडा चुना किंवा सिमेंट मिसळून, दाबून ठोकळे करावे लागतात. हॅम्बुर्ग बंदरात एल्बे नदीच्या गाळातून वाळू वेगळी करणारा कारखाना 1993 पासून चालतो.

चिपळूणजवळ भरतीचं पाणी येतं, म्हणून मीठ तपासलंच पाहिजे. क्लोराइडनं काँक्रीटमधली सळई गंजते. कुजका पालापाचोळा सिमेंट नीट धरू देत नाही. कारखान्यांच्या शेजारच्या गाळात जड धातूही पाहावे लागतात. ही तपासणी टाळून केलेला पुनर्वापर मला मान्य नाही.

राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून धरणातला गाळ शेतात जातो, ते उत्तमच. पण वीटभट्ट्या शेतातलाच सुपीक थर खणून नेतात, तिथे नदीचा गाळ का पोचू नये? पालघरची कितीतरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर भट्ट्यांवर विटा पाडायला जातात. प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. पण गाळाची पहिली गाडी आली की एक गोळा त्यांच्याही हातात द्यावा.