तोंडातून गोट्या का बाहेर पडतायत?

आजच्या भागात कोड कमी आणि पाणी जास्त आहे.

झालं असं, की माझा एक मित्र शॉर्टफिल्म करत होता. त्यात एक मुलगा विहिरीत पडतो असा १२ सेकंदांचा शॉट. नटाला पोहता येत नव्हतं, म्हणून शॉट पूर्ण कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. कॉलेजात ब्लेंडर शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर मी 'हो' म्हणून बसलो. रविवार ही फिल्म पाठवायची शेवटची तारीख. गुरुवारी रात्री पहिला रेंडर पाठवला, तर त्याचा रिप्लाय एका ओळीचा: "अरे, याच्या तोंडातून गोट्या का बाहेर पडतायत?"

खरंच तसंच दिसत होतं हो. मी पार्टिकल सिस्टिम लावली होती, प्रत्येक कणाच्या जागी एक गोल, त्याला काचेचं मटेरियल आणि आयओआर १.३३. आयओआर म्हणजे आपल्या दहावीच्या पुस्तकातला अपवर्तनांक. पाण्याचा १.३३ हे पाठ होतं, दिलं टाकून.

पण १.३३ हा आकडा हवेतून पाण्यात शिरणाऱ्या प्रकाशाचा. बुडबुड्यात बाहेर पाणी आणि आत हवा, सगळं उलटं. बुडबुडा ही वस्तूच नाही, ते पाण्याला पडलेलं भोक आहे! म्हणून १ भागिले १.३३, म्हणजे साधारण ०.७५. ग्लास शेडरला एकपेक्षा कमी आकडा चालतो. गोलाचे नॉर्मल आतल्या बाजूला वळवून १.३३ ठेवलंत तरी तेच.

एवढं बदललं आणि कडेला चांदीसारखी रिंग उमटली. पाण्यातून हवेकडे निघालेला प्रकाश साधारण ४९ अंशांपेक्षा तिरका आदळला, तर आत शिरतच नाही, आरशावरून फिरावा तसा परत फिरतो. गोलाच्या मध्यावर किरण सरळ येतात, कडेकडे तिरके. हिशोब केला तर त्रिज्येचा बाहेरचा पाव भाग अख्खा आरसा! शिवाय गोटीतून मागचं दृश्य उलटं दिसतं, बुडबुड्यातून सुलटं पण छोटं. आपल्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळा लगेच चूक पकडतो.

आता हालचाल. फील्ड वेट्समध्ये ग्रॅव्हिटी मायनस केली की कण वर जातात, पण वेग वाढतच राहतो, दिवाळीतल्या रॉकेटसारखा. खरा बुडबुडा क्षणात ठरावीक वेग पकडतो. काही मिलिमीटरचा असेल तर सेकंदाला २०-२५ सेंटिमीटर, बस. म्हणून ड्रॅग वाढवायचा.

शुक्रवारी रात्री काकांच्या फिश टँकसमोर मोबाईल स्लो मोशनवर लावून बसलो. काकू म्हणाली, "मासे झोपू देत रे." पण तिथेच दिसलं, की बारीक बुडबुडे सुतासारखे सरळ वर जातात आणि मोठे नागमोडी. लिओनार्दो दा विंचीनं हे पाचशे वर्षांपूर्वी वहीत टिपून ठेवलंय. सरळ वाट नेमकी कधी मोडते, तो आकडा हेरादा आणि एगर्स या दोघांनी २०२३ मध्ये गणितानं काढला: त्रिज्या ०.९२६ मिमी. मग मीही त्याहून मोठ्या कणांनाच डुलायला लावलं. तोंडातून सुटणारे दोन-तीन सेंटिमीटरचे बुडबुडे तर गोल नसतातच, वरून घुमट आणि खालून चपटे. ते चार हातानं बनवले.

वर येताना बुडबुडा फुगतो, तेही करणार होतो. १० मीटर खोलीवरून वर येईपर्यंत आकारमान दुप्पट होतं. पण आमची विहीर ५ मीटरची, व्यास जेमतेम १४ टक्के वाढला असता. सोडून दिलं.

शनिवारी रात्रभर लॅपटॉप रेंडर करत होता, पंखा लावून त्याच्याशेजारी मी. रविवारी सकाळी पाठवलं. मित्राचा रिप्लाय परत एकच ओळ: "आता बघताना माझाच श्वास अडकतोय."