अर्ध्या हळकुंडाने पिवळे

गेल्या वर्षी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतील एका मुलीने हळदीवर मोठा तक्ता केला होता. मधुमेह, संधिवात, कर्करोग, विसराळूपणा अशी रोगांची लांबलचक यादी आणि प्रत्येक नावापुढे हळदीने रंगवलेला एकेक पिवळा ठिपका. तळाशी लाल शाईत लिहिले होते, ‘अमेरिकेनेही हळदीचे गुण मान्य केले!’ अक्षर सुरेख होते. गुण देऊन मी पुढे निघालो, तोच तिने हळूच विचारले, “सर, हे सगळं खरं आहे ना? माझ्या आजीनं मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात. रोज सकाळी चमचाभर हळद खाते.”

विद्यार्थी मित्रहो, मी शिकवतो पदार्थविज्ञान. “आधी आजींना डॉक्टरांकडे घेऊन जा,” एवढेच मी तिला सांगू शकलो. ‘खरं आहे ना’ याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा गंमत अशी झाली, की वैद्यकाच्या वाटेने निघालेला मी पुन्हा माझ्याच विषयाच्या, म्हणजे प्रकाशाच्या, दारात येऊन उभा राहिलो. कसा, ते सांगतो. पण आधी एक प्रयोग करा.

काचेचे तीन पेले घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात गोडे तेल आणि तिसऱ्यात स्पिरिट घाला. (स्पिरिट चटकन पेट घेते, तेव्हा हा प्रयोग शाळेतच, शिक्षकांच्या देखत करा.) प्रत्येकात चिमूटभर हळद टाकून ढवळा आणि अर्धा तास पेले तसेच राहू द्या. पाण्यातील हळद तळाशी बसेल आणि वरचे पाणी जेमतेम फिकट पिवळे दिसेल. तेलाला रंग चढेल. स्पिरिट मात्र नितळ आणि गडद पिवळे झालेले असेल. म्हणजे हळदीचा रंग तेलात उतरतो, स्पिरिटात उतरतो, पाण्यात उतरत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता खोलीत अंधार करा आणि नोटा तपासण्याचा जांभळा दिवा स्पिरिटाच्या पेल्यावर धरा. दिव्याकडे थेट पाहू नका, पेल्याकडे पाहा. पिवळे द्रावण हिरवट उजेडाने चमकू लागेल! हळदीतील रंगद्रव्य ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषून घेते, म्हणूनच उरलेल्या प्रकाशात ते आपल्याला पिवळे दिसते. शोषलेल्या ऊर्जेतील काही भाग उष्णतेत जातो आणि काही भाग अधिक तरंगलांबीचा, म्हणजेच कमी ऊर्जेचा, हिरवा प्रकाश होऊन बाहेर पडतो. या घटनेला अनुस्फुरण म्हणतात. महाविद्यालयात गेलात, की फ्लुओरेसन्स हा शब्द तुमच्या कानावर पडेल.

या रंगद्रव्याचे नाव कर्क्युमिन. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिये या शास्त्रज्ञांनी ते हळदीतून वेगळे केले. त्याच्या रेणूची रचना उलगडायला मात्र १९१० साल उजाडले. कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू मिळून हा रेणू होतो. हळदीची जात आणि जमीन यांप्रमाणे प्रमाण बदलते, पण १०० ग्रॅम हळदीत कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे मिळून साधारण ३ ग्रॅम भरतात. बाकी सारे पिष्ट, तंतू, सुगंधी तेल वगैरे.

कर्क्युमिन जंतूंची वाढ रोखते, असे १९४९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यावर हजारो शोधनिबंध निघाले. परीक्षानळीत ते कर्करोगाच्या पेशी मारते, दाह वाढवणारी द्रव्ये अडवते, आणखी बरेच काही करते. तक्त्यावरचे बहुतेक ठिपके या नळ्यांतूनच आलेले होते.

इथे प्रकाश आडवा येतो. एखादे द्रव्य शरीरातील अमुक प्रथिनाला चिकटते का, हे पाहण्यासाठी पुष्कळदा त्या प्रथिनाला चमकणारा एखादा रंग जोडतात आणि चमक किती बदलली ते उपकरणाने मोजतात. चमक बदलली, की द्रव्य लागू पडले असे समजायचे. आता अशा नळीत कर्क्युमिन टाकले तर? ते स्वतःच चमकते आणि वर दिव्याचा उजेडही गिळते. उपकरणाला उजेड किती ते कळते, कोणाचा ते कळत नाही. शिवाय कर्क्युमिन अनेक प्रथिनांना सरसकट चिकटते आणि धातूंचे आयनही धरून ठेवते. त्यामुळे ज्या रोगाची चाचणी घ्यावी, तीत ते उत्तीर्ण! प्रत्येक विषयात शंभरपैकी शंभर मिळवणारा विद्यार्थी आढळला, तर आम्ही परीक्षक उत्तरपत्रिका पुन्हा मागवतो. २०१७ साली कॅथरीन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. माणसांवर तोवर झालेल्या १२० हून अधिक चाचण्यांचा विचार करून त्यांनी लिहिले, की एकाही ‘दुहेरी अंध’ चाचणीत कर्क्युमिन यशस्वी झालेले नाही. दुहेरी अंध म्हणजे खरे औषध कोणाला आणि दिखाऊ गोळी कोणाला, हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. त्यांचे हे मत सर्वांनाच पटले असे नाही, पण नळीतल्या यशावरून रुग्णाला आश्वासन देणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणेच आहे.

आता आजींच्या चमच्याचा हिशेब करू. एक चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळद. तीत कर्क्युमिन सुमारे ९० मिलिग्रॅम. १९९८ साली बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी माणसांना एकदम २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. आपल्या हिशेबाने हे झाले बावीस चमचे हळदीतले! त्यानंतर त्यांचे रक्त तपासले, तर कर्क्युमिन एक तर सापडलेच नाही किंवा नगण्य सापडले. का? आपला पहिला पेला आठवा. जे पाण्यात विरघळत नाही ते आतड्यातून रक्तात शिरणार कसे? थोडेफार शिरले, तरी आतड्याची भिंत आणि यकृत त्याचे रूप बदलून त्याला बाहेरची वाट दाखवतात. ते टिकाऊही नाही. शरीराइतक्या तापमानाच्या आणि रक्ताइतक्याच किंचित अल्कधर्मी द्रावणात अर्ध्या तासात त्यातील सुमारे ९० टक्के विघटित होते, असे १९९७ साली दिसून आले आहे. ‘पी हळद आणि हो गोरी’ असे म्हणणाऱ्याला हे सारे कुठून कळले होते कोण जाणे!

बंगलोरच्या संशोधकांनी त्याबरोबर मिऱ्यातील पायपरीन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीसपट झाले. जाहिरातींत हा आकडा तुम्ही वाचला असेल. नगण्याच्या वीसपट म्हणजे किती, ते तुमच्या गणिताच्या सरांना विचारा. पायपरीन हे साधते ते यकृतातील आणि आतड्यातील एंझाइमांना अडवून. त्यामुळे इतर औषधांचा निचराही मंदावू शकतो. रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. २०२२ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका गटाने हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील एक दगावला. आमटीतल्या हळदीला यामुळे भिण्याचे कारण नाही. तिची मात्रा फारच थोडी असते.

मग हळदीच्या पदरात काहीच नाही का? आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात गुडघेदुखीच्या ७० रुग्णांवर १२ आठवडे दुहेरी अंध चाचणी झाली. २०२० साली तिचा निष्कर्ष आला. हळदीचा अर्क घेणाऱ्यांची वेदना दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक उतरली, पण गुडघ्यातील सुजेत किंवा कूर्चेत फरक दिसला नाही. चाचणी लहान आणि अल्प काळाची होती, तरी ती नीट केलेली होती. मला हजार नळ्यांपेक्षा ती मोलाची वाटते.

राहिले तक्त्यावरचे लाल वाक्य. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, १९९६ साली त्याला आव्हान दिले. ३२ जुने पुरावे सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथांतील उतारे होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही होता. १९९७ साली पेटंट रद्द ठरले. आपण आनंद मानावा अशीच ही घटना आहे. पण निकाल नीट वाचा. ‘हा उपयोग नवा नाही’ एवढेच तिथे ठरले. हळदीने जखम खरोखर किती लवकर भरते, हा प्रश्न त्या कचेरीपुढे नव्हताच. जखमेवर हळद थेट लागते, रक्तात शिरण्याची अडचण तिथे नाही, म्हणून तो उपयोग तपासण्याजोगा आहे खरा. मात्र डब्यातील हळद निर्जंतुक नसते. खोल जखम धुऊन दवाखानाच गाठायचा.

हे सारे मी त्या मुलीच्या शिक्षकांना पत्राने कळवले. महिन्याभराने तिचेच उत्तर आले. आजींची रक्तातील साखर बरीच वाढलेली निघाली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. रात्रीचे हळददूध चालू आहे, आणि डॉक्टरांना ते सांगितलेले आहे. तक्त्यावर तिने आता संधिवातापुढे तेवढा अर्धा ठिपका ठेवला आहे. पत्राच्या शेवटी तिने विचारले आहे, की शाळेच्या सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल का झाला, आणि उन्हात वाळत घातल्यावर उडून कुठे गेला? मी तिला उत्तर लिहीनच. तोवर तुम्ही एका जुन्या पांढऱ्या रुमालाला हळदीचे स्पिरिट लावा, वाळल्यावर अर्धा भाग जाड पुठ्ठ्याखाली झाका, आणि रुमाल दोन दिवस कडक उन्हात ठेवून पाहा.