घाटात भेटणारी शंका

विट्याहून खानापूरकडे निघालेल्या सायकलस्वाराची खरी परीक्षा रेणावीच्या घाटात होते. सपाटीवर वेग वाढविताना मुख्य विरोध असतो तो हवेचा. चढ लागला, की हवा मागे पडते आणि स्वतःचे व सायकलचे वजन वर ओढत नेण्याचे काम उरते. डोंगरी सायकल शर्यतीची तयारी करणाऱ्याच्या मनात पहिली शंका बहुधा अशाच चढावर डोकावते. महिनाभर कसून सराव केला, तरी घाट चढायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ का लागावा? ही शर्यत आपल्या आवाक्यातली नाहीच का?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मनात नसून स्नायूंत सापडते. कठोर सरावाने शरीर लगेच बळकट होत नाही. आधी ते दुबळे होते. स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते, त्यांतील ग्लायकोजेनचा साठा रिता होतो. ही झीज भरून काढताना शरीर थोडे अधिक सक्षम होते. पण ते काम चालते विश्रांतीत आणि झोपेत. ही भरपाई होण्याआधीच पुन्हा घाट गाठला, तर थकवा साचत जातो. मग सकाळी उठताच नाडी नेहमीपेक्षा जलद लागते, झोप मोडते, चिडचिड वाढते. मन खचणे हेही अतिसरावाचे एक लक्षणच आहे. गंमत अशी, की जिद्दी माणूस नेमका याच वेळी घाबरून सराव वाढवितो.

माघार घ्यावी लागली म्हणजे कुवत संपली, असेही नाही. लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हे नाशिकमध्ये राहून सायकलिंगची तयारी करीत. 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण करण्यासाठी ते २०१६ मध्ये उतरले. ती त्यांना अर्धवट सोडावी लागली. शर्यत पक्क्या रस्त्यावरची असली, तरी तिच्या वाटेवर रॉकी पर्वतातील ३,३०० मीटर उंचीची खिंड लागते. तेथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असतो. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि बारा दिवसांच्या मुदतीत पोहोचले. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ, काही तासांतच, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही पहिल्याच प्रयत्नात शर्यत पूर्ण केली. एक जण वर्षापूर्वी हरून परतलेला, दुसरा नवखा. जवळजवळ बारा दिवसांच्या प्रवासाअखेरीस दोघांत अंतर उरले ते एवढेच.

विट्याच्या स्वाराने वेळेची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुष्काळी पट्ट्यातील एप्रिलच्या उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडे वळते, नाडी वाढते आणि तोच घाट अधिक कठीण वाटतो. डिसेंबरातील पहाटेची नोंद आणि एप्रिलातील दुपारची नोंद शेजारी ठेवणे व्यर्थ आहे. चार-पाच दिवस सराव हलका करून, त्याच घाटात, त्याच वेळी पुन्हा मोजून पाहावे. तरीही थकवा हटला नाही, तर डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करावी. हिमोग्लोबिन कमी असेल, तर त्यावर सराव हा उपाय नव्हे.